१९८९ चा स्मारक सॉव्हरिन कसा तपासावा

सॉव्हरिन हे ब्रिटनचे सोन्याचे नाणे. इंग्लंडचा राजा सातव्या हेन्रीने १४८९ मध्ये पहिला सॉव्हरिन पाडून घेतला. त्याला पाचशे वर्षे झाली म्हणून रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, १९८९ मध्ये शिल्पकार बर्नार्ड सिंडलचे खास चित्र घेतले: पुढे सिंहासनावर समोर तोंड करून बसलेली राणी दुसरी एलिझाबेथ, मागे ट्यूडर गुलाबावर राजचिन्हाची ढाल. नेहमीच्या सॉव्हरिनवरचे सेंट जॉर्ज (घोडेस्वार संत) आणि ड्रॅगन दिसले, तर ते नाणे हे नव्हे.

नाणे फक्त कडेने धरा. हे केवळ प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेल्या, स्वरूपात निघाले आणि आरशासारख्या पृष्ठभागावर बोटाचा ठसा कायमचा बसू शकतो.

०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिमी, जाडी सुमारे १.५२ मिमी हवी. हलक्या धातूच्या नकलेत वजन जुळवायला जाडी वाढवावी लागते, म्हणून कॅलिपरने (जाडी मोजण्याच्या साधनाने) मोजणे टाळू नका.

मग पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. दोऱ्याने नाणे बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आकडा ०.४५ ग्रॅमच्या आसपास आला पाहिजे; नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे हे वजन. ०.५ च्या वर गेला तर आधी चिकटलेले बुडबुडे झटका आणि पुन्हा मोजा. तरीही तोच आला तर सोने सॉव्हरिनला हवे तसे २२ कॅरेट नाही.

आपल्याकडे सराफ सॉव्हरिनला गिनी म्हणतात आणि कडी डाक देऊन (वितळलेल्या धातूने) जोडतात आणि माळेत ओवतात. काठावर डाकाची खूण असेल तर फक्त सोन्याचाच भाव द्या. पॉलिश तर कधीच करू नका, तो चकाकता पृष्ठभाग परत येत नाही.