पोर्टफोलिओ चकाचक, वही कोरी : परदेशी निघालेल्या चित्रकारांनो, या चुका टाळा

सुट्टीत सांगलीला आले की दोन-तीन घरांतून हमखास निरोप येतो, "आमच्या बाळूला जरा सांग ना गं, त्यालाही तुझ्यासारखं ॲनिमेशन शिकायला जायचंय." मग बाळू येतो. भडंगाची वाटी पुढ्यात घेऊन बसतो. पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, टॅबलेट कुठला घेऊ?" दुसरा : "आयपॅडवरचं चालतं का?" रोज किती काढावं लागतं, हे आजवर एकाही बाळूनं विचारलेलं नाही. जर्मनीत माझं हे तिसरं वर्ष. त्याच त्या चुका बघून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळी चित्रं पूर्ण, सगळी चमकदार

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार.

तिकडच्या कलाशाळा पोर्टफोलिओला 'माप्पे' म्हणतात. २०२२ साली मी पाठवलेल्या पहिल्या माप्पेत वीस चित्रं होती. त्यातल्या चौदांत ॲनिमेमधल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या नायिका, उरलेल्यांत ड्रॅगन आणि पावसात चमचमणारं टोकियो. टोकियो मी पाहिलेलं नाही. सांगलीचा पाऊस जन्मापासून बघते आहे, पण तो काढावासा वाटला नव्हता. ओळखीत सगळे "वा, फोटोच जणू!" म्हणत होते, आणि मला ते खरं वाटत होतं.

व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. प्राध्यापकबाईंनी चित्रं भराभर पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "छान. आता तुमची वही दाखवा." वही नव्हती. मी सांगितलं, मी सगळं डिजिटलच करते. "बरं. तुमच्या खिडकीतून काय दिसतं? पाच मिनिटांत काढा. पेनानं, कागदावर."

खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी दिसत होती. टाकीचं तोंड म्हणजे साधा लंबगोल. तो मला जमेना. एक बाजू टोकदार व्हायची, दुसरी फुगायची, झाकण हवेत तरंगायचं. स्क्रीनवर लंबगोलाचं साधन असतं, वाकडं गेलं तर बोटानं ढकलून सरळ करता येतं, दोन बोटं टेकवली की रेघ गायब. कागदावर माझ्या हाताला काहीच येत नव्हतं, आणि ते मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, परक्या माणसांसमोर कळलं. दोन आठवड्यांनी चार ओळींची मेल आली. नकार.

पुढचं वर्षभर टॅबलेट कपाटात ठेवला. अगदीच खोटं नको, रविवारी काढायचे. बाकी दिवस एक छोटी वही आणि साधं बॉलपेन. बॉलपेनच, कारण पेन्सिल दिली की हात खोडरबराकडे जातो. मिरज जंक्शनच्या फलाटावर बसायचे. तिथं कुणी स्थिर बसत नाही, त्यामुळे नाक-डोळे सोडून आधी माणसाचा भार कुठल्या पायावर आहे ते बघायला शिकले. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल काढले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तर महिनाभर ठिय्या. तिथं एका कारागिरानं माझी वही पाहिली आणि म्हणाले, "बाई, भोपळा बघून काढा. गोल आहे असं धरून काढू नका." टाकी मला का जमली नव्हती ते त्या एका वाक्यात समजलं. सतारीसाठी वाळवलेला भोपळा कुठंच सारखा गोल नसतो. तो कसा बसला आहे बघून कारागीर त्याचं तोंड कापतो. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मी वसतिगृहात पेढे वाटले. पेढे कसले, दूधपावडरचे गोळे.)

दुसऱ्या माप्पेत अकरा पानं वहीतली होती, चहाच्या डागासकट. प्रवेश मिळाला.

तेव्हा एलिमेंटरी-इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड होती म्हणून ड्रॉइंग येतं, या भ्रमात राहू नका. आणि एक दिवस काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. तिथले राजे पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी १९३८ मध्ये उभं केलेलं संग्रहालय तिथं टेकडीवर आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं फोनवर मोठी करून बघणं वेगळं आणि हातभर अंतरावर उभं राहून बघणं वेगळं.

एआयची चित्रं घालणं

मुलाखतीत मला एका चित्राचे लेयर, म्हणजे चित्र ज्या थरांनी रचत नेलं ते थर, उघडायला सांगितले होते. एआयनं आयतं दिलेल्या चित्रात काय उघडणार? बाकी तुमचं तुम्ही बघा.

चोरीचं फोटोशॉप

चित्रांसाठी क्रिटा आणि थ्रीडी ॲनिमेशनसाठी ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि उत्तम आहेत. टॅबलेट स्क्रीन नसलेला, मध्यम आकाराचा पुरतो. माझा अजून तोच आहे.

मूळ आणि बॅकअप एकाच कपाटात

आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढायला लागली तेव्हा घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, ती काय आम्ही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. पाणी ५७ फुटांवर गेलं. बाबांनी धान्य वर नेलं, आजीला नेलं, माझा लॅपटॉपही नेला. हार्ड डिस्क आणि तिची कॉपी मी कपाटाच्या खालच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली होती. पिशवी आहे म्हणजे झालं, असं वाटलं. पाणी ओसरल्यावर ती पिशवी सापडली. आत पाव लिटर गाळ होता. तीन वर्षांचं काम गेलं. आई म्हणाली, "जीव वाचला ना." बरोबरच होतं तिचं, तरी मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

आता एक डिस्क माझ्याकडे, एक विट्याला मावशीच्या कपाटात, एक प्रत क्लाउडवर. मावशीला डिस्कमध्ये काय आहे माहीत नाही, ती दसऱ्याला तिच्यावर झेंडूचं फूल ठेवते. आयपॅडवरचं प्रोक्रिएट वापरणाऱ्यांनी फाइल पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वरूपात करूनही ठेवावी; आयपॅड मेला की कळतं का ते.

कागदपत्रं शेवटच्या महिन्यात

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर, आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. त्या एका अक्षरापायी माझे दोन महिने गेले. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं, ते आधी हातात घ्या. वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतात : माझ्या वेळी ११,२०८ युरो, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे एजंटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. आणि टपालपेटीवर आपलं नाव चिकटवायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पेटीवर नाव नाही म्हणून माझं बँकेचं कार्ड परत गेलं, आणि पहिले तीन आठवडे मी रोख पैसे मोजत पाव खाल्ला.

व्हिसा विद्यार्थ्याचा, धंदा फ्रीलान्सरचा

वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. पुण्याच्या प्रकाशकाचं मुखपृष्ठ करून बिल पाठवणं मात्र नोकरीत मोडत नाही. त्याला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. "कुणाला कळतंय" म्हणणारे भेटतील. माझ्या वर्गातल्या एकाला ते व्हिसा वाढवताना कळलं.

"कोर्स इंग्रजीत आहे ना"

असेल. पण चित्र भिंतीवर लावून त्याची चिरफाड चालते तेव्हा सगळे जर्मनमध्ये बोलतात. निदान जर्मन भाषेची बी-वन पातळी करून निघा.

मागच्या आठवड्यात विश्रामबागच्या एका बाळूनं पीडीएफ पाठवली. अठरा चित्रं, अकरा ड्रॅगन. मी लिहिलं, वही घे आणि महिनाभर रोज मिरज स्टेशनला जाऊन बस. दहा मिनिटांत उत्तर आलं : "ताई, फलाटावर चार्जिंग पॉइंट असतो का?"