कामावरचा माणूस विसरू लागला तर काय करायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. लेथवर एक काका होते. वय ५७, तीस वर्षांचा हात बसलेला. एका दुपारी त्यांनी एकाच शाफ्टचं माप व्हर्निअरवर तीनदा घेतलं आणि वहीत तीनदा वेगवेगळं लिहिलं. मग वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तूच लिही की रे." त्याआधी वर्षभर चुका होत होत्या. कुणी म्हणालं नजर गेली, कुणी म्हणालं प्यायला लागले. दोन मेमो निघाले, त्यातल्या एकावर माझी सही आहे. डॉक्टरांपर्यंत पोचायला आणखी आठ महिने गेले. अल्झायमर निघाला. ते आठ महिने तुमच्याकडच्या कुणाचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी आजार समजून घ्या

हा म्हातारपणाचा साधा विसराळूपणा नव्हे. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या बाईंची हकिगत मांडली, त्या रुग्णालयात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. या आजारात मेंदूतल्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो आणि पेशी मरत जातात. लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी हे सुरू झालेलं असतं, म्हणजे माणूस रोज हजेरी लावत असतानाच. पासष्टीच्या आत तो कमी जणांना होतो हे खरं. पण आपल्याकडे खडेबाजारातल्या गल्ल्यावर किंवा वडगावच्या मागावर सत्तरीतली माणसंही कामाला असतातच.

पायरी १ : ठपका ठेवण्याआधी नोंद ठेवा

दोन-तीन आठवडे तारीख घालून लिहा. चावी कुठे ठेवली हे कुणीही विसरतं. पण रोजच्या कामाचा क्रम चुकणं, हिशेब न जमणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, हातातल्या हत्याराचं नाव न आठवणं ही लक्षणं वेगळी. "हल्ली लक्ष नसतं" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. "मंगळवारी एकच माप तीनदा वेगळं लिहिलं" यावरून कळतं.

आपल्या भागात एक गोष्ट मुद्दाम बघा. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, बँकेत इंग्रजी असं आपण जगतो. या आजारात काही जणांची उशिरा शिकलेली भाषा आधी अडखळते. वीस वर्षं कन्नड अर्ज भरून देणारा क्लार्क अचानक मराठीतच उत्तरं देऊ लागतो. बेळगावात कुणी कन्नड बोलायचं थांबवलं की त्याचा भलताच अर्थ काढला जातो. कृपा करून तो काढू नका. त्या माणसाला शब्द सापडत नसतील.

पायरी २ : एकट्याला गाठून बोला

सगळ्यांसमोर नको, चूक झाल्या झाल्या तर नकोच. चहाच्या वेळी बाजूला घ्या आणि "काका, तुम्ही विसरूलालाय" असं न म्हणता "हल्ली दमल्यासारखे दिसताय, एकदा तपासून घेऊया की, मी येतो सोबत" असं म्हणा. आजाराचं नाव तुम्ही घेऊ नका, ते डॉक्टरांचं काम. त्यांना विचारूनच घरी कळवा. आमच्या काकांच्या घरी काकूंना सगळं आधीच जाणवलं होतं. नोकरी जाईल या भीतीने त्या गप्प होत्या.

पायरी ३ : तपासणी

न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं यांनीही असाच विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो, म्हणून रक्त तपासणी आधी. स्मरणशक्तीची चाचणी मराठीत घ्यायला सांगा. कन्नड किंवा इंग्रजीत घेतली तर गुण उगाच कमी दिसतील. कर्नाटक सरकारने निम्हान्स या बंगळूरच्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेच्या साथीने मेंदू आरोग्याचा उपक्रम सुरू केला आहे, त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. मनाचा ताण फार झाला तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा.

आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही काळ लक्षणं सावरतात. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या औषधांना मान्यता मिळाली. ती अमायलॉइड काढतात, पण फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, आणि आजार थांबवत नाहीत, त्याचा वेग थोडा कमी करतात. मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो.

पायरी ४ : काम बदला, माणूस नको

फिरत्या यंत्रावरून, भट्टीजवळून, गाडीच्या स्टिअरिंगवरून लगेच हलवा. यात भीड धरू नका. बाकी कामांत मात्र बराच काळ निभावतं: एका वेळी एकच काम, लेखी यादी, ठरलेली जागा, सोबत एक ठरलेला माणूस. काकांना आम्ही स्टोअरमध्ये दिलं. रॅकवर मोठ्या अक्षरांत मराठीत नावं लिहिली, प्रत्येक डब्यावर आतला एक नट बाहेरून तारेने बांधला. वाचणं जमलं नाही तरी ते बोटाने नट चाचपून बरोबर डबा काढायचे. दीड वर्ष चाललं ते.

पायरी ५ : कागद

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता किंवा हुद्दा कमी करता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० बघा. कारखान्यात ईएसआय म्हणजे कामगार विमा असेल तर त्याच्या दीर्घ आजारांच्या यादीत स्मृतिभ्रंश आहे, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. अटी पूर्ण असतील तर वेतनाच्या ८० टक्के दराने जास्तीत जास्त दोन वर्षं भत्ता मिळू शकतो. पीएफचं नॉमिनेशन, बँकेचं जोडखातं, मृत्युपत्र हे सगळं सही स्थिर आहे आणि मजकूर समजतोय तोवर उरका. कन्नडमधला अर्ज असेल तर कुणाकडून तरी मराठीत मोठ्याने वाचून घ्या, मगच सही करू द्या.

आणि फाउंड्रीवाल्यांनो, कान तपासून घ्या. ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक मानलं जातं. बीपी, साखर, तंबाखू, दारू ही बाकीची. शिफ्टला जाताना इअरप्लग खिशात नको, कानात हवेत.