भातकापणीच्या दिवसांतील वारा : मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यांसाठी सल्ला

मुंबईतून नैऋत्य मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर मानली जाते आणि ठाणे जिल्ह्यातील हळवी म्हणजे लवकर पिकणारी भाते साधारण याच सुमारास कापणीला येतात. चार महिने समुद्राकडून वाहणारा वारा या दिवसांत मंदावतो, वरच्या थरात पूर्वेकडील वारे सुरू होतात आणि दुपारच्या उन्हाने घाटमाथ्यावर उभे राहिलेले ढग माळशेज-नाणेघाटाच्या बाजूने खाली मुरबाडकडे सरकू लागतात. त्यामुळे पश्चिमेचे आभाळ स्वच्छ आहे एवढ्यावर विसंबून कापणीचा बेत ठरवू नये. दुपारी दोननंतर नजर सह्याद्रीकडेच असावी.

अशा ढगातून पावसाआधी गार हवेचा जोराचा झोत येतो आणि लोंब्यांच्या भाराने वाकलेले भात त्यानेच आडवे होते. पडलेल्या भाताला पाणी लागले की दाण्यांना लोंबीतच मोड येतात. म्हणून कापणीपूर्वी आठ-दहा दिवस खाचरातील पाणी काढून टाकावे आणि बहुतेक दाणे पक्के झाले की शेवटच्या हिरव्या दाण्यांसाठी थांबू नये. कापलेले भात एक-दोन दिवस शेतातच वाळत ठेवण्याची आपली रीत कोरड्या हवेत योग्यच आहे. मात्र मेघगर्जनेचा इशारा असलेल्या दिवशी सकाळी दव ओसरल्यावर तेवढेच कापावे, जेवढ्याचे भारे बांधून दुपारपर्यंत उडवीला, म्हणजे भाऱ्यांच्या राशीला, लावता येतील. मजूर मिळाले म्हणून सगळे शेत एकाच दिवशी आडवे करण्याचा मोह होतो, हे आम्ही जाणतो. तरीही या पंधरवड्यात तो आवरावा. उडवीवरच्या ताडपत्रीची उघडी बाजू पश्चिमेला ठेवावी, कारण वादळी झोत बहुधा पूर्वेकडून येतो, आणि कडा दोरीने आवळून बांधाव्यात.

हवामान विभागाचा अंदाज वाचताना वाऱ्याचे दोन आकडे वेगळे ओळखावेत. ‘ताशी 10 किलोमीटर’ हा सर्वसाधारण वेग असतो, तर ‘ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा’ हा काही मिनिटांचा झोत असतो आणि नुकसान तोच करतो. काही ठिकाणी वेग नॉटमध्ये दिलेला असतो. 1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर. शिवाय जिल्ह्याचा अंदाज ठाण्याच्या खाडीकाठापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत एकच असतो, पण दोन्हीकडचा वारा एक नसतो. त्यामुळे या दिवसांत सकाळी पाहिलेल्या जिल्ह्याच्या अंदाजापेक्षा दुपारनंतर येणारे तीन तासांचे तातडीचे इशारे अधिक उपयोगी पडतात. विजांसाठी ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर ठेवावे आणि गडगडाट ऐकू येताच शेत सोडून पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये.

भातानंतर भेंडी, काकडी घेणाऱ्यांनी फवारणीची वेळही वाऱ्यावरून ठरवावी. पहाटे वारा अगदी पडलेला असतो, तेव्हा फवारणी सुरक्षित वाटते. परंतु चुलीचा धूर वर न जाता जमिनीलगत पसरत असेल तर औषधाचे बारीक तुषारही तसेच तरंगत शेजारच्या वाफ्यात जातात. ऊन चढून धूर वर जाऊ लागला आणि चेहऱ्याला मंद वारा जाणवू लागला की फवारावे. पाने आणि बारीक फांद्या सतत हलू लागल्या, म्हणजे वेग ताशी 12 किलोमीटरच्या पुढे गेला, की पंप खाली ठेवावा.

दुपारनंतरचे खारे वारे किनाऱ्यावर लवकर, तर मुरबाडला उशिरा पोहोचतात आणि फवारणीला ते अडचणीचे असले तरी झोडणीनंतर भात वारवण्यासाठी त्यांच्याइतका सोयीचा वारा नाही. आभाळ निरभ्र असलेल्या दिवशी खळ्यावर पश्चिमेकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे पळंज (पोकळ दाणे) आणि कोंडा पुढे उडून जाईल व भरलेले दाणे पायापाशी पडतील.