जुनं महसुली तिकीट हाती आलं की: ओळख कशी पटवावी, मोल कसं ठरवावं

जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात एखादं महसुली तिकीट दिसलं की हात आपोआप ते सोडवायला जातो. तो हात आधी आवरा. टपाल तिकिटं पाण्यात टाकून सुटी करायची सवय असलेल्या संग्राहकाकडून हा घोटाळा हमखास होतो. सुरुवातीच्या काळात मीही एक जांभळं तिकीट असंच कोमट पाण्यात सोडलं होतं. बघता बघता पाण्याला जांभळी छटा आली आणि तिकिटावरचा चेहरा पुसट होऊन गेला. सही धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून अशी अनेक तिकिटं मुद्दाम कच्च्या शाईत छापलेली असतात. जांभळ्या आणि हिरव्या रंगांच्या बाबतीत तर विशेष जपावं.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. टपाल तिकीट पाकिटावरून निघालं तरी त्याचं काम कळतं. महसुली तिकीट मात्र एखाद्या व्यवहाराचा कर भरल्याची खूण असते आणि तो व्यवहार काय होता हे खालचा कागदच सांगतो. पावती, हुंडी, विम्याचा करार, शेअरचं हस्तांतरण, न्यायालयातला अर्ज, असा जो काही कागद असेल तो पूर्ण असेल तर पूर्णच ठेवा. कापून काढलेलं तिकीट पुन्हा त्या कागदाला जोडता येत नाही.

आधी ते कशाचं आहे ते वाचा

भिंग घ्या आणि तिकिटावरचं प्रत्येक अक्षर वाचा. इंग्रजीत ‘रेव्हेन्यू’, फ्रेंचमध्ये ‘फिस्काल’, जर्मनमध्ये ‘श्टेंपेलमार्के’, इटालियनमध्ये ‘मार्का दा बोल्लो’ असे शब्द दिसले की दिशा सापडते. देशाचं नाव नसलं तर लिपी, चलन, राजचिन्ह आणि चेहरा यांवरून माग काढायचा. काही तिकिटांवर कामाचं नावच छापलेलं असतं. अमेरिकेत यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ साली जी तिकिटं निघाली, त्यांवर वॉशिंग्टनच्या चित्राबरोबर ‘बँक चेक’, ‘कन्व्हेयन्स’ (मालमत्तेचं हस्तांतरण) असे कागदांचे प्रकार लिहिलेले आहेत. पण त्या वर्षअखेरीपासून कुठलंही तिकीट कुठल्याही दस्ताला चालू लागलं. म्हणून भलत्याच नावाचं तिकीट दस्तावर दिसलं की लगेच बनावट ठरवू नका. आधी दस्ताची तारीख पाहा.

टपाल आणि महसूल दोन्हींना चालणारी तिकिटं नवख्याला गोंधळात पाडतात. ब्रिटनमध्ये १८८१च्या कायद्यानंतर ती रूढ झाली. भारतात सातव्या एडवर्डच्या १९०६च्या अर्ध्या आण्याच्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असंच छापलेलं आहे. अशा तिकिटाचं काम त्यावरच्या शिक्क्यावरून किंवा सहीवरून ठरतं. उलटा प्रवासही झालेला आहे. १८६६ साली भारतात सहा आण्यांच्या टपाल तिकिटांची चणचण भासली, तेव्हा ‘फॉरेन बिल’ची, म्हणजे परदेशी हुंडीची, महसुली तिकिटं वरून-खालून कापून, त्यांवर ‘पोस्टेज’ छापून टपालाला लावली गेली.

तिकीटच दिसत नसेल तर कागद तिरपा धरा

चिकटवायची तिकिटं येण्याच्या कितीतरी आधीपासून करवसुली कागदावर थेट ठसा मारून होत होती. नेदरलँड्समध्ये १६२४ साली आणि इंग्लंडमध्ये १६९४ साली मुद्रांकित कागद सुरू झाला. अमेरिकी वसाहतींत ज्यावरून रान पेटलं तो १७६५चा मुद्रांक कायदाही याच पद्धतीचा. हे ठसे बहुतेकदा बिनरंगी, नुसते उठावाचे असतात. खिडकीपाशी कागद जवळजवळ आडवा धरला की सावलीतून मुकुट आणि अक्षरं वर येतात. चर्मपत्रावर उठाव टिकत नसे, म्हणून निळ्या कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर ठसा मारत. तो तुकडा सुटू नये म्हणून कथलाची बारीक पट्टी आरपार घालून मागे दुमडत आणि पट्टीची टोकं झाकायला पाठीमागे राजाच्या आद्याक्षरांचं छोटं छापील लेबल लावत. निळा तुकडा, पट्टी आणि मागचं लेबल ही तिन्ही जागेवर असलेला दस्त मला दहा सुट्या तिकिटांपेक्षा प्यारा आहे. पट्टी गंजलेली वाटली तरी तिला हात लावू नका.

सही आणि भोक म्हणजे खराबी नव्हे

टपाल तिकिटांच्या नजरेनं पाहिलं तर पेनची रेघ म्हणजे डाग. इथे तीच खरी माहिती. अमेरिकेच्या १८६२च्या कायद्यानं तिकिटावर आद्याक्षरं आणि तारीख घालून ते रद्द करणं बंधनकारक केलं होतं, त्यामुळे ही तिकिटं स्वतःच आपली तारीख सांगतात. भारतातल्या १८७०च्या कोर्ट फी कायद्यात तर तिकिटावरचं मस्तक छिद्र पाडून उडवावं आणि किमतीचा आकडा मात्र शाबूत ठेवावा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून वापरलेल्या कोर्ट फी तिकिटात राजाच्या चेहऱ्याच्या जागी गोल भोक असणं स्वाभाविक आहे. असं तिकीट ‘फाटकं’ म्हणून बाजूला टाकू नका.

मग मापं घ्या

तिकिटाच्या कडेच्या दात्यांचं माप दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं यावरून सांगतात. छिद्रमापक पट्टीवर तिकीट ठेवून चारही बाजू तपासा. एकच चित्र दातेरी, अर्धवट दातेरी आणि बिनदाती अशा तिन्ही रूपांत आलेलं असू शकतं आणि बिनदाती महाग असलं की दाते कापून तसं ‘बनवलेलं’ हमखास फिरतं. चारही बाजूंना भरपूर कोरी कड नसेल तर बिनदाती म्हणून पैसे देऊ नका. दोन तिकिटांची न सुटलेली जोडी मिळाली तर जास्त भरवसा. वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, पाहायला तिकीट काळ्या पृष्ठभागावर पालथं ठेवा किंवा उजेडासमोर धरा. पाण्याचा प्रयोग इथेही नको.

धुतलेली सही शोधा

या छंदातली सगळ्यात नुकसान करणारी फसवणूक हीच आहे. दोन्ही कामांना चालणारी मोठ्या किमतीची तिकिटं दस्तांवर भरपूर लागत, पण टपालावर क्वचितच. मग कुणीतरी पेनची सही रसायनानं धुतो आणि नव्यानं डिंक लावून ते कोरं म्हणून विकतो, किंवा टपालाचा खोटा शिक्का मारतो. असं तिकीट आधी पाठीमागून पाहा. जुन्या लोहयुक्त शाईची फिकट तपकिरी रेघ बऱ्याचदा कागदाच्या तंतूंत मागे राहते. एका पट्ट्यापुरता रंग उतरलेला आहे का, डिंक दात्यांच्या टोकांवरही चढलाय का, हेही बघा. अतिनील दिव्याखाली धुतलेली जागा वेगळी चमकते किंवा काळपट दिसते. शंका राहिली तर खरेदी करू नका. तिकीट महागाचं असेल तर तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मागा.

मोल ठरवताना

जुनं म्हणजे दुर्मीळ, हा समज मनातून काढा. ब्रिटनचं १८८१चं एक पेनीचं फिकट जांभळं तिकीट अब्जावधींनी छापलं गेलं. ते आजही ढिगानं मिळतं. लहान किमतीची पावतीची तिकिटंही तशीच. जो कर मोजकीच माणसं भरत, ज्या संस्थानाचा कारभार छोटा होता, जी किंमत फार मोठी होती, तिथे शोध घ्या. नंतर अवस्था पाहा: पातळ झालेली जागा, घडी, कापलेली कड, उडालेला रंग. शेवटी दस्त पाहा. त्यावर तारीख, गाव आणि रक्कम नीट वाचता येत असेल, तिकिटावरची सही किंवा शिक्का कागदावरही उतरला असेल, तर ते तिकीट मुळात तिथलंच आहे याचा पुरावा हातात आहे.

महसुली तिकिटांच्या सूच्या, म्हणजे किमतींचे कॅटलॉग, टपाल तिकिटांच्या मानानं विरळ आहेत. फोर्बिन यांची १९१५ची जागतिक सूची अजून चाळली जाते, यावरूनच कल्पना यावी. म्हणून सूचीतल्या किमतीपेक्षा तसंच तिकीट लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं, ते पाहा.

दस्त आम्लरहित पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा. चिकटपट्टी, पिन, स्टेपल काहीही नको. आणि तो कुठून आला, कुणाच्या गठ्ठ्यात होता, त्याच्या शेजारी कोणते कागद होते, हे त्याच दिवशी वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहून सोबत ठेवा.