औषधांना दाद न देणारे जंतू आणि वॉर्डातील नेहमीच्या चुका

‘क्लेब्सिएला, मेरोपेनेमला दाद देत नाही’ (म्हणजे क्लेब्सिएला हा जंतू मेरोपेनेम या प्रभावी प्रतिजैविकाने मरत नाही) असा अहवाल अतिदक्षता विभागात आला की चर्चा लगेच कोलिस्टिन या राखीव प्रतिजैविकावर जाते. तो जंतू शेजारच्या खाटेवरून इथवर आला कसा, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

सर्वांत जास्त घोळ ग्लोव्हजचा. युरिन बॅग रिकामी केलेल्या ग्लोव्हजनेच व्हेंटिलेटरचा अलार्म बंद केला जातो आणि जाता जाता पडदाही सरकवला जातो. ग्लोव्हजने आपला हात वाचतो, पुढच्या रुग्णाला त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून ते प्रत्येक रुग्णागणिक, आणि एकाच रुग्णाच्या अस्वच्छ कामानंतर स्वच्छ कामाकडे वळतानाही बदलावेत, आणि काढल्यावर हँडरब (हातांना चोळायचे अल्कोहोलयुक्त जंतुनाशक) २० ते ३० सेकंद चोळावे. ग्लोव्हजवरच हँडरब चोळून तीच जोडी चालवणे ही शुद्ध पळवाट आहे. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलच्या जुलाबात मात्र हँडरब पुरत नाही, कारण त्या जंतूचे बीजाणू (त्याची टणक कवचातली सुप्त रूपे) अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे साबण आणि पाणीच हवे.

लघवी मोजायचे एकच भांडे सगळ्या खाटांवर फिरवले जाते आणि बॅगेची तोटी प्रत्येक वेळी त्याच्या काठाला टेकते. प्रत्येक रुग्णाला वेगळे भांडे देणे हा या यादीतला सर्वांत स्वस्त उपाय असावा. त्याच बॅगेतून कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) नमुना घेतला, तर अहवाल बॅगेत साचलेल्या जंतूंचा येतो. नमुना कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) सॅम्पलिंग पोर्टमधूनच, म्हणजे नमुन्यासाठी ठेवलेल्या तोंडातूनच घ्यावा. शिवाय ताप किंवा अन्य लक्षण नसताना केवळ कॅथेटरच्या लघवीत जंतू वाढले म्हणून प्रतिजैविक सुरू करण्याची सहसा गरज नसते.

ब्लड कल्चर शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसआधी घ्यावे, मात्र सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो तेव्हा) त्यासाठी डोस लांबवू नये. प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागते. त्वचेवर लावलेले जंतुनाशक वाळण्याआधीच सुई टोचली, तर त्वचेवरचे जंतू बाटलीत जातात आणि त्यांच्यासाठी रुग्णाला विनाकारण व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक मिळते. अहवाल हाती आल्यावर, म्हणजे ४८ ते ७२ तासांनी, सुरू असलेले औषध बदलायचे की थांबवायचे हे ठरवून केसपेपरवर लिहावे. शस्त्रक्रियेआधीचा प्रतिबंधक डोस छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात द्यायचा असतो. टाके निघेपर्यंत तो चालू ठेवण्याची आपल्याकडची सवय जखमेचे रक्षण करत नाही, प्रतिकारक जंतूंना मात्र वाव देते.

सकाळी बनवलेले हायपोक्लोराइटचे (ब्लीचचे) जंतुनाशक द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नये. सांडलेले रक्त आधी टिपून घ्यावे, कारण सेंद्रिय घाणीत या द्रावणाची शक्ती संपते, आणि द्रावण ओतल्याबरोबर पुसूनही टाकू नये.

एवढे करूनही आठवड्यात दोन रुग्णांत तोच जंतू सापडला, तर त्या दोघांमधल्या सामाईक वस्तू शोधाव्यात: सोनोग्राफीच्या जेलची पुन्हा पुन्हा भरलेली बाटली, रक्तदाबाचा पट्टा, आणि ज्याच्या शेजारी इंजेक्शने तयार केली जातात ते बेसिन. बेसिनच्या सांडपाण्याच्या नळीत हे जंतू मुक्काम ठोकतात आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ट्रेपर्यंत पोहोचतात, त्यामुळे औषधांचा ट्रे तिथून आधी हलवावा.