कोकणात घरगुती खाद्यउद्योग करताय? या चुका टाळा

आमसूल, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला. सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत कुठल्याही बचत गटाच्या टेबलावर हाच माल दिसतो आणि चवीत सहसा खोट नसते. तरी दोन-तीन मोसमांत गट थंडावतो. लोक म्हणतात, बायकांना धंदा जमत नाही. मला ते पटत नाही. घोटाळा बहुतेक वेळा हिशेबात आणि कागदांत असतो.

स्वतःची मजुरी न धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा, आंबापोळीच्या एका खेपेला आंबे, साखर, गॅस आणि पिशव्या मिळून 900 रुपये लागले आणि माल 1,400 ला गेला. वहीत 500 रुपये नफा लिहिला जातो. पण दोघींनी चार दिवस रोज दोन-दोन तास रस आटवला, ताटांत थर दिले, कावळे हाकले, मुंग्या राखल्या. म्हणजे 16 तास झाले. तासाला जेमतेम 31 रुपये पडले. तेवढा वेळ कलमांच्या बागेत मजुरीला गेल्या असत्या तरी याहून जास्त सुटले असते. आमसुलाचं तर विचारूच नका. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. हे सगळं ‘घरचंच काम’ म्हणून फुकटात जातं.

खर्चाच्या यादीत पहिली ओळ मजुरीची लिहा, गावात चालू असलेल्या दराने. त्यावर नफा धरून येणारी किंमत बाजारात टिकत नसेल, तर तो पदार्थ सोडून दुसरा धरा. रातांब्याच्या बियाही टाकून देऊ नका, त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, निघतं.

आणि ‘घरच्या माणसांकडसून काय पैशे घेवचे!’ हे बंद करा. मुंबईची जाऊबाई दोन किलो आमसूल नेते तेव्हा सूट द्या हवी तर, पण वहीत विक्री म्हणून लिहा.

सगळा माल मे महिन्यातच विकून टाकणं

जून तोंडावर आला की शाळेची फी, बी-बियाणं, कौलं शाकारणं हे खर्च एकदम येतात. व्यापारी तेव्हाच दारात उभा असतो आणि सुटा माल पडेल भावाने उचलतो. तोच माल गणपतीला आलेले चाकरमानी आणि पुढे हिवाळ्यातले पर्यटक पुड्यांतून चांगल्या भावाने नेतात. गटाचं अंतर्गत कर्ज जूनची ही नड भागवायला वापरा आणि निम्मा माल तरी मागे ठेवा.

मागे ठेवायचा तर तो टिकला पाहिजे. मृगाच्या आत वाळवण पुरं करा. अर्धवट वाळलेल्या मालाला पावसाळी हवेत बुरशी येतेच. पातळ पिशवीपेक्षा हवाबंद डबा किंवा जाड पाऊच बरा. सुक्या मासळीलाही हेच लागू. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्याला गिऱ्हाईक असतं. पण वाळूवर पसरून वाळवलेली सुकट कचकचली की ते परत फिरकत नाही. बांबूच्या मांडवावर जाळं पसरून वाळवा.

लेबल म्हणजे नुसता फोटो आणि गटाचं नाव

पुडीवर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, पत्ता, किंमत आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक हवा. त्याशिवाय शहरातलं चांगलं दुकान माल ठेवत नाही. ‘हापूस’ हे नाव वाटेल त्या आंब्याच्या पोळीवर छापू नका. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या आंब्याला लावता येतं.

अनुदान बघून धंदा निवडणं

2019 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलांना प्रकल्पखर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. पण ते कर्जाला जोडलेलं असतं. आधी बँक, मग अनुदान. गिऱ्हाईक नसताना यंत्र घेतलं तर ते पडवीत गंजतं आणि हप्ते मात्र चालू राहतात. उद्यम नोंदणीसाठी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) एजंटला पैसे देणं हीदेखील चूक, कारण सरकारी पोर्टलवर ती मोफत होते.

कष्ट तिचे, कागद दुसऱ्याचे

कोकणातले सातबारे बहुधा सामाईक, हिस्सेदार निम्मे मुंबईत आणि त्यात सुनेचं नाव क्वचितच. शेड बांधायची म्हटली की संमतीपत्रांसाठी वणवण होते. म्हणून सुरुवात जमीन न लागणाऱ्या कामाने करा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी होडीतून कांदळवन सफारी चालवून दाखवली आहे. शेड हवीच असेल, तर तोंडी बोलीवर न राहता रीतसर भाडेकरार करा, मग जागा सख्ख्या दिराची का असेना.

नोंदणी आणि चालू खातं तिच्याच नावावर हवं. स्टॉलवरचा क्यूआर कोडही बघा, पुष्कळदा तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचा असतो. वर्षभर विक्री होते आणि तिच्या पासबुकात ओळ उमटत नाही. पुढच्या वर्षी मोठं कर्ज मागायला गेली की बँक तेच पासबुक उघडून बघते.