कोणत्या पेट्रोलवर गाडी जास्त ॲव्हरेज देते? आपणच असं मोजून पाहा

नागपुरात गाडी घेतली की सल्ले सुरू होतात. अमक्या पंपावर भरू नका, तमक्या कंपनीचं भरा, पिकअपच बदलून जातो. यात तथ्य नाही असं नाही, पण ब्रँडच्या नावावर जमा होणारा बराचसा फरक टायरची हवा, एसी आणि मोजण्यातल्या चुकीचा असतो. त्यामुळे महागडं पेट्रोल सुरू करण्याआधी किंवा जवळचा पंप सोडण्याआधी आपल्याच गाडीवर मोजून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी फरक कशाकशात असतो ते पाहू

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (भारत स्टेज ६, म्हणजे प्रदूषणाच्या सरकारी नियमांची पातळी) दर्जाचं पेट्रोल मिळतं. त्यात गंधक १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत दहा भाग) जास्त चालत नाही, आणि हा नियम सगळ्याच कंपन्यांना लागू आहे. कंपन्या सोयीप्रमाणे एकमेकींकडून माल घेतात, त्यामुळे टँकरवर नाव कोणतंही असो, आतलं मूळ पेट्रोल फार वेगळं नसतं. वेगळी असतात ती त्यात मिसळलेली रसायनं, म्हणजे ॲडिटिव्ह. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळी जमू न देणं हे त्यांचं काम. त्याचा फायदा हळूहळू होतो. एका टाकीत ॲव्हरेज उडी मारत नाही.

प्रीमियम, म्हणजे पंपावर जास्त दरानं मिळणाऱ्या पेट्रोलचा दुसरा मुद्दा ऑक्टेनचा. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, हा समज सोडून द्या. इंजिनात दाब वाढला की पेट्रोल ठिणगीआधीच किंवा वेडंवाकडं पेटून टकटक आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. ते किती टळतं याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बो इंजिनला त्याचा उपयोग होऊ शकतो. साध्या पेट्रोलसाठीच बनवलेल्या छोट्या इंजिनला तो वाढीव ऑक्टेन वापरताच येत नाही. बीएस-६ चं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ च्या आसपास गेलं, असं सरकार सांगतं. म्हणून पंपाच्या बोर्डावर ‘९५’ दिसलं की पूर्वीइतकं भारावून जाण्याचं कारण उरलेलं नाही. तुमच्या गाडीला किती ऑक्टेन लागतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तेवढं मिळत असेल तर पुरे.

आणि इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात, निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत, लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. इंजिन ई-२०, म्हणजे या २० टक्के मिश्रणासाठी जुळवलेलं असेल तर वाढलेल्या ऑक्टेनमुळे यातलं काही भरून निघतं, जुन्या गाडीत तेवढं निघत नाही. गेल्या काही वर्षांत ॲव्हरेज थोडं पडलं म्हणून पंपवाल्यावर संशय घेणाऱ्यांनी हे कारण आधी तपासावं, कारण पंप बदलून ते जात नाही.

पायरी १: गाडी एकसारखी करा

टायरची हवा सकाळी, गाडी फिरण्याआधी तपासा. मे महिन्यात तापलेल्या डांबरावरून आल्यावर मोजली तर आकडा फुगलेला दिसतो आणि हवा मुद्दाम कमी केली जाते. एअर फिल्टर साफ असावा, सर्व्हिसिंग लांबलेलं नसावं.

पायरी २: टाकी फुल्ल करा, पण पहिल्या ऑटो कटला थांबा

सगळ्या मोजणीचा जीव इथे आहे. नोझल आपोआप बंद झालं की भरणारा विचारतो, “भाऊ, राउंड फिगर करून देऊ का?” नाही म्हणा. दर वेळी तोच पंप, शक्यतो तेच मशीन, गाडीही त्याच जागी सरळ उभी. झिरो पाहा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि रुपये नाही, लिटर लिहून ठेवा.

पायरी ३: टाकी बरीच रिकामी होईपर्यंत चालवा

मग परत तसंच भरा. समजा ४१० किलोमीटर झाले आणि २७.५ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १४.९. इथे भरण्यात अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तरी चूक दोन टक्क्यांच्या आत राहते. पण दहाच लिटर भरून हिशेब मांडला तर तोच अर्धा लिटर पाच टक्क्यांचा होतो. ‘नवीन पेट्रोलनं ॲव्हरेज वाढलं’ या कितीतरी कहाण्या या अर्ध्या लिटरातून निघतात.

रस्ता आणि ऋतू सारखा ठेवा. सीताबर्डी, सदरच्या सिग्नलवर घासलेली टाकी आणि वर्ध्याला जाऊन-येऊन संपवलेली टाकी यांची तुलना होत नाही. समृद्धी महामार्गावर तर वेग लिहाच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० आणि १२० मध्ये जो फरक पडतो त्यापुढे कुठल्याही ब्रँडचा फरक किरकोळ आहे. मे मधली एसीची टाकी जानेवारीच्या टाकीशी लावू नका.

पायरी ४: पेट्रोल बदला आणि पहिली टाकी सोडून द्या

तळाशी जुनं पेट्रोल उरलेलं असतं, म्हणून पहिल्या टाकीचा आकडा मोजू नका. पुढच्या दोन-तीन टाक्यांची सरासरी धरा. नंतर पुन्हा जुन्या पेट्रोलवर या. आकडा परत खाली आला तरच तो फरक पेट्रोलचा.

आता पैशाचा हिशेब. साधं १०० रुपयांना आणि प्रीमियम १०८ ला असेल, तर १५ देणाऱ्या गाडीनं किमान १६.२ द्यायला हवं. तेवढं न मिळता इंजिन शांत चालतं म्हणून कुणाला प्रीमियम भरायचं असेल तर खुशाल भरावं, फक्त बचत होते असं समजू नये.

पायरी ५: पंप पारखा

माझ्या मते ब्रँडपेक्षा पंप जास्त महत्त्वाचा. ज्याचा खप मोठा, तिथला माल ताजा. शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो देणं पंपावर बंधनकारक आहे. नोझल पुसून त्यावर एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत तो उडून जायला हवा. काळपट डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्या, फिकट गुलाबी छटा मात्र पेट्रोलच्या रंगाची असते. माप तपासायला पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते, त्याहून जास्त तूट आली तर वैधमापन विभागाकडे तक्रार करा.

पंपावर पेट्रोलच्या डेन्सिटीचा, म्हणजे घनतेचा (किलो प्रति घनमीटर), जो आकडा नोंदलेला असतो तो १५ अंश तापमानाला धरलेला असतो. नागपूरच्या उन्हात हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायचं साधन, वीसेक अंकांनी कमी दाखवतो, म्हणून तक्त्यावरून १५ अंशाला बदललेला आकडाच पाहा. तो पंपावरच्या नोंदीपेक्षा तीनहून जास्त वेगळा असेल तर कारण विचारा. पहाटे थंड पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, या समजुतीचा फारसा फायदा नाही. टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फार हलत नाही.

पावसाळ्यात जपायचं ते पाण्यापासून. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होत तळाशी बसतात. भरल्यानंतर काही किलोमीटरमध्येच गाडी झटके देऊ लागली, बंद पडू लागली, तर सेल्फ मारत राहू नका. गाडी टो करून न्या, मेकॅनिकला टाकीतला नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून ठेवायला सांगा आणि बिल जपून ठेवा. तक्रारीत पंपाचं नाव, मशीनचा क्रमांक आणि भरल्याची वेळ लिहा. म्हणूनच पेट्रोल भरल्यावर छापील पावती दर वेळी मागून घ्यावी.